भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? (नाशिक, घरातला स्टुडिओ)

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. पंचवटीत दहा बाय बाराच्या खोलीत आमच्या भजनी मंडळासाठी रेकॉर्डिंगची सोय करतोय. एक गायक, पेटी, पखवाज आणि तीन टाळकरी. विंडोज ११ चा लॅपटॉप आहे: आय-५, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. दोन माइकचा यूएसबी इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायची पेटी) आणि दोन कंडेन्सर माइक आहेत. मिक्सिंग मुंबईच्या स्टुडिओत करून घेणार, तिथे प्रो टूल्स वापरतात. काहींचं म्हणणं, तुम्हीही प्रो टूल्सच घ्या, नाहीतर तिकडे फाइलच उघडणार नाही. दरमहा पैसे भरणं मंडळाला जमणार नाही. शिवाय तसाच दुसरा इंटरफेस घेऊन दोन्ही एकदम लावले, तर चार माइक चालतील का?

सूरपेटी
रीपर घ्या. ६० दिवस सगळ्या सोयींसह वापरून बघता येतं. त्यानंतर वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलर, एकदाच. तुमच्या लॅपटॉपला ते अजिबात जड होत नाही. ऑडॅसिटी एका माइकच्या कामाला उत्तम, पण विंडोजवर वर्षानुवर्षे असिओशिवायच (इंटरफेसशी कमी विलंबाने बोलणारी ड्रायव्हरची पद्धत) आलं आणि एकावर एक थर चढवायच्या कामात तिथेच अडतं. एफएल स्टुडिओची मूळ घडण बीट रचण्यासाठी आहे, तुमचं काम ते नव्हे. लॉजिक आणि गॅरेजबँड फक्त ॲपलच्या उपकरणांवर, विंडोजवर नाहीत.

दोन इंटरफेस एकदम लावू नका. असिओमध्ये एका वेळी एकच ड्रायव्हर उघडतो. असिओ-फॉर-ऑल वापरून दोन्ही जोडता येतात, पण प्रत्येकाचं अंतर्गत घड्याळ वेगळं. लाखात दोनचा फरक असला, तरी दहा मिनिटांच्या अभंगाच्या शेवटी १२ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. पखवाजाचे दोन माइक असे वेगळ्या इंटरफेसवर गेले, तर थाप पोकळ ऐकू येते आणि ते मिक्सिंगमध्ये नीट करणं फार किचकट. चार माइक प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) असलेला एकच इंटरफेस घ्या. खरेदी करताना नावातल्या आकड्यावर जाऊ नका: स्कारलेट ४आय४ ला माइक प्रीअँप दोनच आहेत, बाकीचे दोन इनपुट लाइनचे, म्हणजे कीबोर्डसारख्या उपकरणांसाठी; माइक तिथे थेट चालत नाही.

सेटिंग: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मोनो ट्रॅकला मिनिटाला साधारण ८.६ एमबी लागतात, म्हणजे चार ट्रॅकच्या एका तासाला जेमतेम दोन जीबी. लेव्हल उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा. २४ बिटमध्ये मीटर वरपर्यंत नेण्याची काही गरज नाही.

आणि हे विसरू नका: प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये टाइमबेस (रेकॉर्ड झालेले तुकडे कशाला बांधून राहतात ते) ‘बीट्स’वरून ‘टाइम’वर आणा. भजनाची लय चढत जाते, क्लिकवर (एकसारख्या टिकटिकीवर) ते गाता येत नाही. टाइमबेस बीट्सवर राहिला आणि नंतर कोणी टेम्पोचा आकडा बदलला, की रेकॉर्ड झालेले तुकडे जागचे हलतात, ताणलेही जातात.

काळी_चार
रीपरला विरोध नाही. पण पुढेमागे तुम्ही स्वतः सिंथ, तंतुवाद्यांचे थर वगैरे रचणार असाल, तर क्यूबेस या सॉफ्टवेअरचं मिडी संपादन (आवाजाऐवजी स्वरांच्या नोंदी बदलणं) मला जास्त हाताशी वाटतं. प्रो टूल्सचीच सवय करायची असेल, तर ‘इंट्रो’ फुकट आहे. त्यात ऑडिओ ट्रॅक आठच मिळतात, पण तुमच्या वाद्यवृंदाला ते पुरतात.

फाइल उघडणार नाही हा मात्र गैरसमज. प्रोजेक्ट फाइल पाठवायचीच नसते, प्रत्येक ट्रॅकची वेव्ह फाइल पाठवायची असते. रीपरमध्ये इफेक्ट बंद करा, फेडर (आवाजाची पट्टी) शून्यावर आणि पॅन (डावं-उजवं) मध्यावर आणा, सगळे ट्रॅक निवडा. मग रेंडरमध्ये सोर्स ‘स्टेम्स (सिलेक्टेड ट्रॅक्स)’, बाउंड्स ‘एन्टायर प्रोजेक्ट’. मोनो ट्रॅकच्या मोनो फाइल करण्याची खूण तिथेच आहे. ती केली नाही, तर सगळं स्टिरिओ होऊन आकार दुप्पट होतो. सगळ्या फाइल एकाच क्षणापासून सुरू होतात, त्यामुळे समोरच्याने कुठेही ओढल्या तरी जुळतात.

सोबत एका ओळीत पेटीचा सूर कळवा. बऱ्याच पेट्या ४४० हर्ट्झवर नसतात. ४४५ असेल, तर फरक साधारण २० सेंटचा (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर). तिकडे कोणी ४४० वर कीबोर्डचा थर चढवला, की सगळं बेसूर. गाणं ताणून बसवण्यापेक्षा कीबोर्डच वर चढवायला सांगा. सूर रीपरसोबत येणाऱ्या रीट्यून या प्लगइनमध्ये बघता येतो.

पखवाजी_सातपूर
सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, पखवाजाची कणीक (डाव्या तोंडावर लावतात ते ओलं पीठ) आधी सांभाळा. डाव्या तोंडाची कणीक वाळत जाते तसा ‘धा’चा घुमारा बदलतो आणि सूर वर सरकतो. त्यामुळे अकराचा टेक आणि साडेबाराचा टेक एकमेकांना जोडता येत नाहीत, सांधा लगेच कानाला लागतो. पंखा बंद ठेवा: त्याने कणीक लवकर वाळते, शिवाय माइकमध्ये घरघर येते. प्रत्येक अभंगाआधी ओल्या बोटाने कणीक सारखी करा, डावं-उजवं ऐकून घ्या, आणि त्या अभंगाचे सगळे टेक सलग घ्या.

दोनच माइक असेपर्यंत पहिल्या फेरीत गायक आणि पखवाज एकत्र घ्या, कारण लय त्या दोघांत ठरते. गायकाच्या माइकची पाठ पखवाजाकडे करा. कार्डिऑइड (समोरचं जास्त ऐकणारा) माइक मागून सगळ्यात कमी ऐकतो. हेडफोनमध्ये तानपुरा सोडा, पण तो पेटीच्या सुरात लावून. दुसऱ्या फेरीत पेटी: माइक वरून दीड फुटावर, भात्याच्या बाजूला नको, नाहीतर हवेचा फसफसाट येतो. टाळ सर्वांत शेवटी. त्यांचा किणकिणाट एकदा गायकाच्या माइकमध्ये शिरला, की आवाज उजळवायला जावं तसे टाळच पुढे येतात.

गोदाकाठ
खूप उपयोगी माहिती, मनापासून आभार. रीपर टाकलं. पण गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज दोनदा येतोय, आणि मागून घेतलेले टाळ किंचित उशिरा पडताहेत.

सूरपेटी
आवाज दोनदा येतो, कारण इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये न जाता थेट हेडफोनला) आणि रीपरचं मॉनिटरिंग दोन्ही चालू आहेत. इंटरफेसचं राहू द्या, ट्रॅकवरचं मॉनिटरचं बटण बंद करा. प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ, डिव्हाइस इथे असिओ निवडून कंपनीचाच ड्रायव्हर घ्या. बफर (एका वेळी हाताळायचा आवाजाचा तुकडा, सॅम्पलमध्ये; लहान असेल तितका विलंब कमी) रेकॉर्डिंगला १२८, ऐकून कापाकापी करताना १०२४.

टाळांसाठी इंटरफेसच्या आउटपुटमधून एक केबल लाइन इनपुटला लावा, डायरेक्ट मॉनिटरिंग तेवढ्यापुरतं बंद करा, रीपरमधून एक टकटक वाजवून ती नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा आणि पूर्ण झूम करून दोन्हींमधलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. तेवढा आकडा प्रेफरन्सेस, ऑडिओ, रेकॉर्डिंग इथल्या मॅन्युअल ऑफसेटमध्ये भरा आणि पुन्हा टकटक घेऊन तपासा. अंतर वाढलं, तर चिन्ह उलटं करा. बफर किंवा सॅम्पल रेट बदलला, की ही मोजणी परत करावी लागते.