अनुभव धागा: धर्म वेगळा, पक्ष वेगळा, तरी दोस्ती कशी टिकवता? खान्देशकरांनो, लिहा

तापीकाठ
बाजारात भरताची हिरवी वांगी दिसली आणि शेतातल्या जुन्या भरीत पार्ट्या आठवल्या. एकाच बडगीभोवती (वांगी ठेचायचं लाकडी भांडं) पाटील, तडवी, मारवाडी, बौद्ध, माळकरी सगळे बसत. पक्षावरून कडाक्याचं भांडण होई आणि पंगतही त्याच जोशात उठे. आता पालिकेची निवडणूक लागली की तीच माणसं एकमेकांना ग्रुपवरून काढतात. म्हणून हा धागा. कामाचं लिहा: कुणाला काय चालतं, काय चालत नाही, वाद कुठे थांबवायचा.

भरितापासून सुरू करतो. दहा माणसांना चार किलो वांगी धरा. तेलाचा हात लावून, सुरीने टोचून, कपाशीच्या काड्यांवर भाजायची. टोचलं नाही तर फुटतात. सालं काढून बडगीत ठेचली की इथेच थांबा. कांद्याची पात आणि लसूण-मिरची पडायच्या आधी एक वाडगा बाजूला काढून ठेवा. चातुर्मास पाळणारा माळकरी कार्तिकी एकादशीनंतर वांगं खातो, काही घरांत तर चंपाषष्ठीपर्यंत थांबतात. तारीख आधी विचारून घ्या. जैन मित्राला या वाडग्याचाही उपयोग नाही. वांग्यात बिया फार, म्हणून बरेच जण ते खातच नाहीत. त्यांच्यासाठी वरण-बट्टी, वरणाला कांदा-लसूण न घालता. आणि ती सूर्य मावळायच्या आत. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे त्यांचं ताट सव्वापाचला वाढलेलं हवं. पार्टी आठची ठेवून "तुम्ही पण या बरं का" म्हणणं हे बोलावणं नाही.

रावेरची केळी
बठ्ठासले राम राम! वांगी काय भाव चालू आहेत तिकडे?

धुळेकर आप्पा
एकदम खरं शे भाऊ. यात एक जोडतो. बाटली असेल तर आधी सांगा. मुसलमान आणि माळकरी मित्रांपैकी कित्येकांना दारू असलेल्या बैठकीत बसणंच नको असतं, नुसतं "तू घेऊ नको" म्हणून भागत नाही. सरळ दोन बैठका करा. जेवण सगळ्यांचं एकत्र, बाकी काय ते नंतर, दुसरीकडे.

सुईदोरा
प्रसादाचं लिहिते, कारण इथे गैरसमज फार होतात. महानुभाव पंथाची मंडळी इतर देवतांचा प्रसाद घेत नाहीत. खान्देशात हा पंथ घरोघरी, तरी शेजारणी रुसतात. बरेच मुसलमानही देवाला दाखवलेलं खात नाहीत. याला एकच उपाय: नैवेद्य दाखवायच्या आधी ताट वेगळं काढायचं. पुरणपोळी तीच, कढई तीच, फक्त क्रम बदलला. देताना सांगायचं, "नैवेद्याच्या आधी काढलंय." एवढ्या एका वाक्याने समोरच्याचा जीव भांड्यात पडतो.

उलट बाजूनेही तसंच. कानबाई ही श्रावणात घरी बसवायची आपली खान्देशी देवी, तिच्या नैवेद्याचे रोट कुळाबाहेर देत नाहीत. गव्हाचं माप घरातल्या माणसांवर धरलेलं असतं, सव्वा मूठ माणशी. मैत्रीण वेगळ्या समाजाची असेल तर तिला आधीच कळू द्या की हा कुळाचार आहे, ती परकी म्हणून नाही. दर्शनाला, रात्री गाण्यांना, सोमवारी विसर्जनाला तिला हक्काने बोलवा. खीर वेगळी करा.
दूध उतू चाललंय, येते परत.

भडगाव बुद्रुक
सुईदोरा ताई, कुळाकुळाचा नियम वेगळा असतो, आमच्याकडे माप वेगळं आहे. पण मुद्दा पटला.

पंचशील
जय भीम सगळ्यांना. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यात गौरी-गणपती आणि इतर देवांची उपासना करणार नाही हे स्पष्ट आहे. म्हणून बौद्ध मित्र आरतीला मागे उभा राहिला तर तो तुमचा अपमान करत नाही, दिलेला शब्द पाळतोय. त्याला पुढे ओढून ताट हातात देऊ नका. मंडळात त्याला घ्यायचं असेल तर रक्तदान शिबिर, पिण्याचं पाणी, मुलांच्या वक्तृत्व स्पर्धा ही कामं द्या. वर्गणीही त्याच खात्यात लिहा आणि पावतीवर तसं नमूद करा. मग पैशावरून कुरबूर होत नाही.
आमच्या कार्यक्रमाला आलात तर त्रिशरण-पंचशील चालू असताना शांत उभं राहा, बास. म्हणायलाच हवं असं काही नाही.

अमळनेरकर
मोठ्या माणसांचं एक उदाहरण देतो. साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. गांधीजींचा सुरुवातीला या उपोषणाला विरोध होता. गुरुजी गांधीजींनाच मानणारे, तरी मागे हटले नाहीत, आणि गांधीजींबद्दलची त्यांची श्रद्धाही उणावली नाही. आपल्या नेत्याचं ऐकलं नाही म्हणजे आपण फितूर झालो असं हल्ली लोक का समजतात?
आणि धुळ्याचा तुरुंग! १९३२ मध्ये विनोबांनी दर रविवारी तिथे गीतेवर प्रवचनं दिली आणि ती गुरुजींनी उतरवून घेतली. शाळेतल्या पोरांना हे सांगायलाच हवं.

धुळेकर आप्पा
अमळनेरकर, फैजपूरचं अधिवेशनही लिहा की. १९३६, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन.

अमळनेरकर
त्यावर वेगळा धागा काढू आप्पा, इथे विषय भरकटेल.

गिरणा पंप
राजकारणावरचं लिहितो. आमच्या कट्ट्याचे नियम आहेत आणि ते चालतात.
बोलायचं ते निर्णयावर, माणसावर नाही. "भक्त", "चमचा", "गद्दार" हे तीन शब्द बंद. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपण बोलून दाखवायचं आणि तो "हो, हेच म्हणतोय मी" म्हणाला तरच पुढे जायचं. अर्धे वाद इथेच संपतात, कारण आपण भलत्याच गोष्टीवर भांडत असतो.
आणि वाद जमिनीवर आणायचा. उदाहरण कापसाचं घ्या. "तुमच्या सरकारने शेतकरी मारला" यावर रात्रभर भांडता येईल. त्यापेक्षा बोला: २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते, पुढे १२ पर्यंत कापून देते, त्यावर घेतच नाही. पहिल्या वेचणीचा माल ओला असतो, म्हणून तो व्यापाऱ्याकडे कमी भावाने जातो. आता सांगा, खरेदी केंद्र लवकर उघडायला हवं की ओलाव्याची अट बदलायला हवी? इथे दोन पक्षांचे दोन कार्यकर्ते एका बाजूला आलेले दिसतात. मतदान ते वेगळं करतील, करू द्या.
एक मात्र कटाक्षाने पाळा: मित्राच्या मुलासमोर त्याला खोटं पाडू नका. चूक दाखवायची असेल तर गाडीवर मागे बसवून चहाला न्या.

रावेरची केळी
केळी पीक विम्यावर पण असंच बोलता येतं भो. तापमानाचे निकष पाहा आणि मग भांडा.

यावलची तडवी मुलगी
आमचं उलटंच असतं. आम्ही आदिवासी पण आणि मुसलमान पण, त्यामुळे दोन्हीकडचे लोक विचारतात "म्हणजे नक्की कोण?" कृपया हा प्रश्न पहिल्या भेटीत नको.
इफ्तारला मित्रांना बोलावणार असाल तर वेळ गावातल्या मशिदीच्या वेळापत्रकातली घ्या. टीव्हीवरची मुंबईची अजान धरू नका. जळगावला सूर्य मुंबईपेक्षा दहा-अकरा मिनिटं आधी मावळतो. रोजा सोडायला खजूर आणि पाणी आधी हातात द्या, भाषणं नंतर. किती ठिकाणी हार-सत्कार चालू असतो आणि रोजेदार खजूर धरून बसलेला असतो! त्यानंतर मगरिबच्या नमाजसाठी दहा मिनिटं, धुतलेली चादर, पश्चिमेकडे तोंड होईल अशी मोकळी जागा. त्या भिंतीवर तसबीर असेल तर उतरवू नका, दुसरी खोली द्या. जेवण त्यानंतर. शाकाहारी पाहुण्यांची खीर-भजी वेगळ्या टेबलावर, डाव वेगळा, आणि त्या टेबलाशी घरातलं एक माणूस उभं. डाव इकडचा तिकडे गेला की सगळी मेहनत वाया.

सुईदोरा
आले परत. तडवी ताई, खजूर धरून बसण्याचं वाचून कसंसंच झालं. आमच्या महिला मंडळाला हे दाखवते.

मिरवणूक समिती
तारखांचं बघा. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. राज्यात बऱ्याच ठिकाणी मुस्लिम मंडळींनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढला आणि सुट्टीही २९ ला झाली. २०२६ मध्ये गुढीपाडवा १९ मार्चला आणि रमजान ईद त्याच आठवड्यात.
कॅलेंडर आलं की दोन्ही बाजूंच्या चार-चार माणसांनी एकत्र बसावं. मार्ग कागदावर काढावा. मशिदीसमोर नमाजच्या वेळी मिरवणूक असणार नाही आणि मंदिरासमोर आरतीच्या वेळी जुलूस थांबणार नाही, हे वेळेनिशी लिहावं. दोन्हीकडच्या स्वयंसेवकांचे नंबर एका कागदावर हवेत. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद हा नियम सगळ्यांनाच आहे, सवलतीचे मोजके दिवस सोडून. १९९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली, कारण पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या आधीच उभ्या केल्या होत्या. दंगल झाल्यावर शांतता समिती बसवून काय उपयोग?

भडगाव बुद्रुक
दोघं मित्र बोलेनासे झाले असतील तर मधल्याने काय करावं?

धुळेकर आप्पा
भाऊ, समेटाची बैठक बोलावू नका, दोघंही तयारी करून येतात. काम द्या. ट्रॅक्टर हवाय, दवाखान्यात डबा पोचवायचाय, असं काही.
आणि दुःखाच्या वेळी जाणं चुकवायला लावू नका. दारावर गेलं की बाकी हिशेब मागे पडतात. जनाज्याला गेलात तर रुमाल डोक्यावर, नमाजच्या वेळी मागे उभं राहायचं, दफनाच्या वेळी तीन मुठी माती देतात तेव्हा घरच्यांना विचारून द्यावी. आपल्याकडच्या गंधमुक्तीला, म्हणजे सुतक संपतानाच्या विधीला, मुसलमान मित्र आला तर विधीच्या जागी नेऊ नका, घरच्यांजवळ बसवा. बौद्ध घरी पुण्यानुमोदनाला हार नेण्यापेक्षा पांढरी फुलं न्या.

चोपडा ॲडमिन
मी ग्रुप सांभाळतो, त्याचं सांगतो. मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास "फक्त ॲडमिन लिहू शकतील" ही सेटिंग चालू. फॉरवर्डवर दोन बाण दिसले की तो मेसेज फार फिरलेला असतो आणि एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. आमच्याकडे दोन बाणवाला धार्मिक किंवा राजकीय मेसेज टाकायचाच नाही, खरा असला तरी. फोटो जुना आहे का ते गुगल लेन्सवर टाकून बघा, अर्धा मिनिट लागतो. तेढ वाढवणारा मजकूर टाकला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ लागतं, पूर्वीचं १५३ अ. टाकणाऱ्याला आधी खासगीत फोन करा. ग्रुपवर सगळ्यांदेखत झापलं की तो माणूस गेला आणि त्याचे चार दोस्तही गेले.

रावेरची केळी
माझ्या फोनवर दोन बाण दिसत नाहीत, एकच दिसतो.

चोपडा ॲडमिन
एक बाण म्हणजे नुसता फॉरवर्ड. पाच किंवा जास्त वेळा पुढे गेला की दोन होतात. ॲप अपडेट करून बघा भाऊ, नाही जमलं तर स्क्रीनशॉट टाका.