मदत हवी आहे: थर्मल कॅमेऱ्यातून पॅनेलच्या आतलं काहीच दिसत नाही

विजेच्या पॅनेलमधली सैल जोडणी शोधायची आहे. दाराला पारदर्शक अ‍ॅक्रिलिक आहे. डोळ्यांना आतलं सगळं दिसतं, पण कॅमेऱ्यात नुसता सपाट रंग आणि त्यात माझीच आकृती. दार उघडल्यावर केबलच्या आवरणावर ५८ अंश, आणि त्याच जोडणीतल्या चकचकीत तांब्याच्या पट्टीवर ३३! इमिसिव्हिटी (पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती प्रमाणात बाहेर टाकतो तो ० ते १ मधला आकडा) ०.९५ ठेवली आहे. कॅमेरा बिघडलाय का?

प्रतिसाद १
कॅमेरा ठणठणीत आहे. तो ८ ते १४ मायक्रॉन लांबीच्या इन्फ्रारेड (उष्णतेच्या) लहरी टिपतो. साधी काच ५ मायक्रॉनच्या पुढचं जवळपास काहीच जाऊ देत नाही, अ‍ॅक्रिलिकचंही तेच. त्यामुळे तुम्हाला दिसलं ते त्या अ‍ॅक्रिलिकचं स्वतःचं तापमान आणि त्यावर पडलेलं तुमचं प्रतिबिंब. कॅमेऱ्याची लेन्स म्हणूनच जर्मेनियमची असते (तिच्यातून डोळ्यांना मात्र काही दिसत नाही). पाण्याचा पातळ थरही आडवा येतो. भिंतीपलीकडचं दिसतं हा तर निव्वळ गैरसमज. आतल्या गरम पाइपची उष्णता पृष्ठभागापर्यंत आली तरच तिथे पट्टा उमटतो. याउलट पातळ पॉलिथिनमधून बरंच आरपार जातं.

प्रतिसाद २
तांब्याचे ३३ अंश विसरा. चकचकीत तांब्याची इमिसिव्हिटी ०.०५ च्या आसपास, म्हणजे ९५ टक्के भाग आजूबाजूचं प्रतिबिंब. सेटिंग ०.०५ करूनही भागणार नाही, तिथे जराशी चूक झाली तरी आकडा भरकटतो. सप्लाय बंद करून, वीज नाही याची टेस्टरने खात्री करून, पट्टीवर काळी पीव्हीसी टेप चिकटवा आणि लोड चालू झाल्यावर टेपवर मोजा, ०.९५ तिथे चालेल. टेपचा तुकडा पडद्यावर निदान ३ × ३ पिक्सेल भरला पाहिजे, नाहीतर शेजारचं तापमान मिसळतं. जोडणी ८० अंशांच्या वर जात असेल तर टेप सुटते, तिथे उष्णता सोसणारा मॅट रंग बरा.

प्रश्नकर्ता
लोड किती हवा?

प्रतिसाद २
किमान ४० टक्के. जोडणीत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. लोड निम्मा झाला की ती चौथाई, मग सैल जोडणीही निर्दोष वाटते. नुसत्या आकड्यापेक्षा तिन्ही फेज शेजारी ठेवून बघा. लोड सारखा असून एकच गरम असेल तर दोष तिथेच.

प्रतिसाद १
एक राहिलं. चालू पॅनेलचं दार उघडताना आर्क फ्लॅशचा (हवेतून विजेचा स्फोटक लोळ उठण्याचा) धोका असतो; हे काम संरक्षक पोशाखातल्या प्रशिक्षित माणसाचंच. वारंवार तपासणी लागणार असेल तर दारात इन्फ्रारेड खिडकी (या लहरी जाऊ देणारी) बसवून घ्या आणि तिचा पारगमनाचा आकडा, म्हणजे किती लहरी आरपार जातात तो, कॅमेऱ्यात भरा. तो न भरल्यास गरम जोडणीचं तापमान कमी दिसेल.