वडिलांच्या वर्षश्राद्धासाठी स्मृतिपुस्तिका: मजकूर, जुने फोटो, छपाई

गुलबक्षी
बाबा एसटीत वाहक होते. तीन महिन्यांनी त्यांचं वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी ३०-३२ पानांची पुस्तिका करून आईच्या हातात द्यायची आहे, प्रती १५०. चाळीसेक फोटो आहेत, पण लग्नाचा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. लिहायला बसलं की ‘प्रेमळ, कष्टाळू, कुटुंबवत्सल’ यापुढे काही सुचत नाही आणि वाचल्यावर ते आमचे बाबा वाटत नाहीत. शिवाय दाखल्यावर जन्मतारीख १ जून, तर आत्या म्हणते श्रावणातला जन्म. सुरुवात कुठून करू?

आडवळण
आईंपासून करा, आणि याच आठवड्यात. बाकी सगळं नंतरही जमेल.

‘बाबा कसे होते?’ असं विचारू नका, उत्तरात तीच तीन विशेषणं येतील. वेळा आणि वस्तू विचारा. पहाटेची पहिली गाडी असली की डबा किती वाजता भरायचा, त्यात काय असायचं? मुक्कामी ड्युटीहून आले की आधी काय करायचे? दिवाळीत आणि आषाढीला जादा गाड्या सुटतात, वाहकाला रजा मिळणं कठीण. मग घरातली पहिली अंघोळ कधी व्हायची, भाऊबीज कोणत्या दिवशी? वाहकाचा संसार ड्युटीच्या वेळांभोवती फिरतो. त्यातून वेळ काढून त्यांनी घरासाठी काय केलं, ते लिहिलं की ‘कुटुंबवत्सल’ शब्द लिहावाच लागत नाही.

सकाळची कामं आटोपल्यावर बसा, एका वेळी २५-३० मिनिटंच. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर आणि घडी केलेल्या टॉवेलवर ठेवलेला, म्हणजे टेबलाची खडखड येत नाही. त्या थांबल्या तर तुम्हीही थांबा. पुढचा प्रश्न घाईने टाकला की ओठावर आलेलं राहून जातं. अर्ध्या तासाचं बोलणं उतरवायला तीन-चार तास लागतात. उतरवताना त्यांची भाषा सुधारू नका. नाव न घेता त्या ‘हे’ म्हणत असतील, तर पुस्तिकेतही ‘हे’च राहू द्या.

कालनिर्णयची जुनी पानं ठेवली असतील तर शोधा. दुधाचे खाडे, ड्युटीच्या खुणा, फीचे आकडे तारखेच्या चौकटीत सापडतात. असं एक पान जसंच्या तसं छापा.

जन्मतारीख: पूर्वी पालकांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी वय मोजून १ जून टाकत, कारण शाळा जूनमध्ये भरायची. सर्व्हिस बुकात तीच उतरते. दोन्ही द्या: ‘दाखल्यानुसार १ जून, घरच्यांच्या सांगण्यानुसार श्रावण’. योगायोग असा की १९४८ साली १ जूनलाच पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. एसटीतली माणसं ही तारीख लगेच ओळखतील.

कृष्णधवल
काचेला चिकटलेला फोटो ओढू नका, भिजवू तर नकाच. वरचा थर काचेवर राहतो आणि चेहरा जातो. फ्रेमचा मागचा पुठ्ठा काढा आणि काचेसकट फ्लॅटबेड (सपाट काचेच्या) स्कॅनरवर ठेवा. मावत नसेल तर खिडकीच्या बाजूच्या उजेडात फोटो घ्या, कॅमेऱ्यामागे काळं कापड धरा, प्रतिबिंब पडत नाही.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो नखाने न उचकटता डेंटल फ्लॉसचा दोरा खालून करवतीसारखा हळूहळू सरकवून सुटे करा. पोस्टकार्डाएवढे फोटो ६०० डीपीआयला (इंचामागे ६०० ठिपके) स्कॅन करा, पासपोर्टचे १२०० ला. अडीच बाय साडेतीन सेंटिमीटरचा फोटो १२०० ला घेतला तर छपाईत १० बाय १४ पर्यंत स्वच्छ येतो. नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर तपशील दाबला जातो.

छापील शब्द
आधी तारीख नक्की करा. वर्षश्राद्ध तिथीने करणार असाल तर ते इंग्रजी तारखेच्या साधारण ११ दिवस आधी येतं. मध्ये अधिक महिना असेल तर १८-१९ दिवस पुढे जातं. यात चूक झाली की प्रेसचं सगळं गणित कोसळतं. मजकूर आणि फोटो २० दिवस आधी प्रेसमध्ये द्या.

मधोमध पिन मारायची तर पानं चारच्या पटीत हवीत: आतली ३२ आणि कव्हर. आकार ए-५, कडेपर्यंत जाणाऱ्या फोटोंना चारही बाजूंनी ३ मिमी जादा, कापताना ते जातं. १५० प्रतींना डिजिटल छपाई पुरते, ऑफसेट (प्लेट बनवून होणारी मोठ्या संख्येची छपाई) परवडत नाही. वाचणारे बरेचसे बाबांच्या वयाचे असतील, म्हणून अक्षर १४ पॉइंट आणि ओळींत मोकळी जागा, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो.

मजकूर युनिकोडमध्ये असेल आणि प्रेसचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्या अक्षरावर बसतो. फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे अक्षरांचा फॉन्ट फाइलमध्येच असलेली पीडीएफ द्या. प्रूफ कागदावरच मागा आणि ‘आशीर्वाद’, ‘कर्तृत्व’, ‘सुट्ट्या’ असे शब्द बोट ठेवून तपासा. सर्व्हिस बुकाचं पान छापणार असाल तर खाते क्रमांक आणि आधार झाका.

गुलबक्षी
तिघांचेही मनापासून आभार. उद्याच आईजवळ बसते. कागद सगळा आर्ट पेपरच घेऊ का?

छापील शब्द
फोटोंच्या पानांना १३० जीएसएम (कागदाच्या जाडी-वजनाचं माप) आर्ट, म्हणजे गुळगुळीत चकचकीत कागद, मजकुराला १०० चा मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा. त्यातली शेवटची दोन पानं कोरी ठेवा. डेपोतले जुने सोबती येतील तेव्हा आईंच्या प्रतीत चार ओळी लिहून जातील. आर्ट पेपरवर शाई लवकर वाळत नाही, हात लागला की पसरते.