मदत हवी आहे: रेडिओ स्कॅनरच्या एअरबँडवर एफएम वाहिनी घुसते

घरच्या स्कॅनरवर विमानांचा एअरबँड ऐकतो (११८ ते १३७ मेगाहर्ट्झ, एएम मोड). गच्चीवर डिस्कोन (रुंद पट्टा पकडणारी) अँटेना लावल्यापासून ११९.३ वर गाण्यांचा फाटका आवाज येतो. मोड एफएम केला की तीच गाणी स्वच्छ ऐकू येतात. ती वाहिनी ९७.९ वरची आहे. फरक नेमका २१.४, आणि माहितीपुस्तिकेत पहिला आयएफ (रिसीव्हर आलेला सिग्नल आत ज्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणतो ती) १०.७ दिलाय, म्हणजे त्याच्या बरोबर दुप्पट. म्हणून इमेजचा (आयएफच्या दुप्पट अंतरावरचा नको असलेला सिग्नल आत शिरण्याचा) दाट संशय आहे. पण आजूबाजूच्या फ्रिक्वेन्सींवरही खरखर वाढली आहे, तेव्हा जोरदार सिग्नलने रिसीव्हर ओव्हरलोड होत असेल असंही वाटतं.

स्क्वेल्च (क्षीण सिग्नलला आवाज बंद ठेवणारी पातळी) वाढवून काही उपयोग नाही. अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) लावला की गाणी जातात, पण लांबची विमानंही जातात, आणि मला हवी असतात ती नेमकी तीच. स्कॅनरची स्वतःची छोटी अँटेना लावली तर त्रास नसतो. कनेक्टर तपासलेत, दुसरी केबलही लावून पाहिली.

केबल आरजी-५८, साधारण १५ मीटर. मध्ये प्रीअँप (सिग्नल वाढवणारा) नाही. अँटेना हलवता येणार नाही आणि स्कॅनर तूर्त बदलायचा नाही.

८८ ते १०८ अडवणारा एफएम नॉच फिल्टर घ्यावा म्हणतो. प्रत्यक्ष वापरलेल्यांनी सांगा: अशा फिल्टरने ११८ ते १२० मधले क्षीण सिग्नल कितपत दबतात? आणि प्रीअँप नसताना तो स्कॅनरच्या टोकाला लावला तरी पुरेल, की अँटेनाजवळच हवा?