अमेरिकेतल्या छोट्या गावांतला डायनरचा नाश्ता : काय मागवायचं, काय विचारायचं (अनुभव धागा)

सुट्टीत गाडी काढून अमेरिका फिरणारी मराठी कुटुंबं आता भरपूर आहेत. हायवेला लागून असलेल्या चेन रेस्टॉरंटांचा मेन्यू सगळ्यांना पाठ असतो. दोन मैल आत, गावच्या मेन स्ट्रीटवर पहाटे पाच-साडेपाचला उघडणारा डायनर (साधं उपाहारगृह) मात्र बरेच जण टाळतात. मेन्यूतले शब्द अनोळखी, शाकाहाराची खात्री नाही, आणि वेट्रेस एका दमात चार प्रश्न विचारते. हा धागा त्यासाठी. प्रवासवर्णन नको. पुढच्या माणसाला टेबलावर बसल्यावर उपयोगी पडेल तेवढंच लिहा.

सुरुवात डायनर शोधण्यापासून. इंटरस्टेटवरच्या निळ्या 'फूड' पाट्यांवरचे लोगो पैसे भरून लावलेले असतात, त्यामुळे गावातला छोटा डायनर तिथे सहसा नसतो. हिरव्या ढालीची 'बिझनेस लूप'ची पाटी दिसली की तिकडे वळावं. तो रस्ता जुन्या बाजारपेठेतून जातो आणि पुढे पुन्हा हायवेला मिळतो. सकाळी सहा-सातला जिथे पिकअप ट्रक ओळीने उभे असतात, तिथे नाश्ता ताजा असतो. बहुतेक ठिकाणी दुपारी दोनला शटर पडतं आणि सोमवारी किंवा मंगळवारी सुट्टी असते. रविवारी अकरा ते एक चर्च सुटल्याची गर्दी असते, लहान मुलं बरोबर असतील तर तेव्हा जाऊ नये. नकाशावरच्या वेळेवर विसंबू नका, निघण्याआधी एक फोन करा.

ऱ्होड आयलंडहून

डायनर असे चिंचोळे का असतात ते कळलं की आत कसं वागायचं तेही कळतं. १८७२ मध्ये प्रॉव्हिडन्स शहरात वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसाने घोडागाडीतून रात्रपाळीच्या लोकांना खाणं विकायला सुरुवात केली. पुढे या गाड्या कारखान्यात आख्ख्या बनवून, वाहून नेऊन जागेवर बसवायला लागले. लांबी-रुंदी रेल्वेच्या डब्यासारखी, म्हणून मधे काउंटर, पुढे स्टुलं आणि मागे तवा. इथल्या पॉटकेट गावातला 'मॉडर्न डायनर' १९७८ मध्ये राष्ट्रीय वारसा नोंदीत गेला. त्या यादीत आलेला तो पहिला डायनर.

एकटे किंवा दोघे असाल तर काउंटरवरच बसा. 'प्लीज वेट टू बी सीटेड' अशी पाटी असेल तर दारात थांबायचं, नसेल तर सरळ बसायचं. या भागात 'जॉनीकेक' जरूर मागवा. पांढऱ्या मक्याच्या पिठाची जाडसर धिरडी म्हणा ना.

पेनसिल्व्हेनियाहून

शाकाहाराचं कोडं त्या तव्यापाशीच सुटतं. त्याला 'फ्लॅट टॉप' म्हणतात. जाड पोलादी पत्रा, साधारण १६० ते १७५ अंश सेल्सियसवर. एका कडेला बेकन (डुकराच्या मांसाच्या पट्ट्या) भाजत असतं, शेजारी बटाटे, मधे अंडी, दुसऱ्या कडेला पॅनकेक. बेकनची चरबी उलथन्याने बटाट्याकडे ओढणं ही तिथली नेहमीची पद्धत, बटाट्याला चव येते ती त्यामुळेच. म्हणून 'नो मीट' एवढं सांगून भागत नाही. त्याचा अर्थ 'ताटात मांसाचा तुकडा नको' इतकाच घेतला जातो.

विचारायचे प्रश्न तीन. बटाटे बेकनच्या चरबीत परततात की तेलात? ऑम्लेट तव्यावर होतं की वेगळ्या पॅनमध्ये? बिस्किटात आणि 'पाय' या भाजलेल्या गोड पदार्थाच्या कवचात लार्ड आहे का? लार्ड म्हणजे डुकराची चरबी. गर्दी नसेल तर 'कुड यू यूज अ क्लीन पॅन?' ही विनंती बहुतेक जण आनंदाने मानतात. रविवारी सकाळी अकराला हीच विनंती केली तर ऑर्डर रेंगाळते, कारण शेगड्या दोनच असतात.

मांसाहारी लोकांसाठी इथला खास पदार्थ 'स्क्रॅपल'. डुकराच्या उरलेल्या मांसाचा कीस, मक्याचं पीठ आणि बकव्हीट (कुट्टू) शिजवून वडी थापतात, मग काप काढून भाजतात. एक सेंटिमीटरचा काप हवा. खालून पापडी धरायच्या आत उलटला तर लगदा होतो, म्हणून 'क्रिस्पी' सांगा.

शिकागोहून

चार प्रश्नांपैकी पहिला, 'हाउ डू यू वाँट युअर एग्ज?' आपलं 'हाफ फ्राय' तिथे कुणाला कळत नाही.

'सनी साइड अप' म्हणजे न उलटलेलं, पिवळा बलक उघडा. आपल्या इराण्याकडच्या हाफ फ्रायच्या सगळ्यात जवळचं. पण पांढऱ्याचा वरचा थर ओलसर राहतो आणि अनेकांना तो चालत नाही. 'ओव्हर ईझी' म्हणजे उलटून जेमतेम अर्धं मिनिट, बलक पातळ. 'ओव्हर मीडियम' म्हणजे मिनिटभर, पांढरं पक्कं आणि बलक मधासारखा. 'ओव्हर हार्ड' म्हणजे आपलं फुल फ्राय. पहिल्यांदा जाणाऱ्याने ओव्हर मीडियम सांगावं. 'स्क्रॅम्बल्ड' नुसतं सांगितलं तर ओलसर येतं. भुर्जीची सवय असेल तर 'स्क्रॅम्बल्ड हार्ड'.

ऑम्लेट बहुधा तीन अंड्यांचं आणि आत भरपूर चीज. कांदा आणि ढोबळी मिरची हवी म्हणून लोक 'डेन्व्हर' किंवा 'वेस्टर्न' मागवतात, पण त्यात हॅम (डुकराचं मांस) असतंच. 'डेन्व्हर, नो हॅम, ॲड हालापेन्यो' असं सांगा. हालापेन्यो म्हणजे तिथली हिरवी मिरची.

दुसरा प्रश्न टोस्टचा: व्हाइट, व्हीट, राय, सावरडो. मसालेदार ऑम्लेटबरोबर राय छान लागतो. टोस्ट लोणी लावूनच येतो, नको असेल तर 'ड्राय टोस्ट'. तिसरा प्रश्न मांसाचा, चौथा बटाट्याचा.

आयडाहोहून

बटाट्यावर जरा सविस्तर, कारण तिथेच सर्वांत जास्त निराशा होते. 'हॅश ब्राउन्स' म्हणजे किसलेला बटाटा दाबून भाजलेला. 'होम फ्राइज' म्हणजे आधी उकडलेल्या फोडी कांदा-पॅप्रिकाबरोबर परतलेल्या. होम फ्राइज आदल्या दिवशीच्या उकडलेल्या असतात, त्यात वाईट काही नाही, पण कुरकुरीतपणाची अपेक्षा ठेवू नये.

हॅश ब्राउन्स वर करपलेले आणि आत गिचगोळा येतात, त्याची कारणं दोन. किसातलं पाणी आणि स्टार्च काढलेलं नसतं, किंवा गर्दीत तव्यावर जागा हवी म्हणून लवकर उचलतात. ऑर्डर देताना 'वेल डन' किंवा 'एक्स्ट्रा क्रिस्पी' सांगितलं की चार मिनिटं जास्त मिळतात. एवढ्या दोन शब्दांनी ताट बदलतं.

घरी करायचे तर रसेट जातीचे २ मोठे बटाटे, साधारण ५०० ग्रॅम. जाड किसणीवर किसून दोन पाण्यांत धुवा, पंचात बांधून घट्ट पिळा. बिडाच्या तव्यावर २ मोठे चमचे तेल किंवा तूप, मध्यम आच, कीस एक सेंटिमीटर जाडीचा पसरा, हलका दाबा आणि ७-८ मिनिटं अजिबात हलवू नका. कडा तांबूस झाल्या की उलटा, आणखी ५-६ मिनिटं. मीठ शेवटी. आधी घातलं तर पाणी सुटतं आणि कीस भाजण्याऐवजी वाफवला जातो.

जॉर्जियाहून

दक्षिणेत बटाट्याऐवजी 'ग्रिट्स' विचारतात. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, दुसरा शब्द शोधायची गरज नाही. एक वाटी कण्यांना चार वाट्या पाणी, मंद आच, सतत ढवळणं. जात्यावर दळलेल्या भरड कण्यांना पाऊण तास लागतो. मीठ-लोणी घालून खातात, साखर नाही. गाडीत लिंबाचं लोणचं असेल तर बाहेर काढा, फार सुरेख जमतं. काही ठिकाणी कण्या चिकन स्टॉकमध्ये शिजवतात, शाकाहारींनी विचारून घ्यावं.

'बिस्किट्स अँड ग्रेव्ही'तलं बिस्किट म्हणजे मैदा, बेकिंग पावडर, ताक आणि लोणी किंवा लार्डचा मऊ, पापुद्र्यांचा गोल. आपल्या बिस्किटाशी नावापुरतंच नातं. वरची पांढरी ग्रेव्ही दुधाची दिसते म्हणून शाकाहारी समजू नका. डुकराचं सॉसेज परतून त्याच्याच चरबीत मैदा भाजतात आणि मग दूध घालतात.

आणि गोमांस न खाणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: 'चिकन फ्राइड स्टेक' यात चिकन नसतं. चिकनसारखं पिठात घोळवून तळलेलं ते बीफ असतं. 'कंट्री फ्राइड स्टेक'ही बीफच. 'कॉर्न्ड बीफ हॅश' (बटाट्याबरोबर परतलेलं खारवलेलं बीफ) यातल्या कॉर्नचा मक्याशी संबंध नाही, खारवताना वापरायच्या जाड मिठाच्या खड्यांवरून ते नाव आलंय. नुसतं 'हॅश' लिहिलं असेल तर विचारा.

न्यू जर्सीहून

आमच्याकडचे डायनर मोठे, मेन्यू बारा-पंधरा पानी, आणि अनेक डायनर ग्रीक वंशाच्या कुटुंबांचे. त्याचा फायदा शाकाहारींना होतो: पालक-फेटा ऑम्लेट जवळपास सगळीकडे मिळतं. पॅनकेकच्या 'शॉर्ट स्टॅक'मध्ये सहसा दोन असतात. दोघांना तेवढे पुरतात, पूर्ण स्टॅक बऱ्याचदा तसाच उरतो. टेबलावरच्या बाटलीतलं सिरप मक्याच्या साखरेचं असतं. खरं मेपल हवं तर 'प्युअर मेपल' विचारा. त्याचे वेगळे पैसे पडतात आणि ते रास्त आहे, कारण १ लिटरला सुमारे ४० लिटर झाडाचा रस आटवावा लागतो.

चहा मागितला तर कोमट होत चाललेलं पाणी, टीबॅग आणि लिंबाची फोड येते. 'हॉट टी, व्हेरी हॉट वॉटर, मिल्क ऑन द साइड' असं पूर्ण सांगा. टेबलावरच्या इवल्या कपांत दूध नसतं, हाफ अँड हाफ म्हणजे दूध आणि साय असते, त्याने चहा तेलकट होतो. कॉफीला मात्र तेच योग्य. कॉफी पुन्हा पुन्हा भरून मिळते. पुरे झाली की कपावर हात ठेवायचा. नारिंगी कडेचं भांडं डीकॅफचं, म्हणजे कॅफीन काढलेल्या कॉफीचं.

टेक्ससहून

पैशांचं थोडक्यात. मेन्यूतल्या किमतीत सेल्स टॅक्स धरलेला नसतो. टिप १५ ते २० टक्के, आणि नाश्ता स्वस्त असल्याने २० च द्यावी. टिपवर काम करणाऱ्यांचं केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर अडकलेलं आहे. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टनसारख्या काही राज्यांत पूर्ण किमान वेतन मिळतं, पण आमच्याकडे नाही. वेट्रेस पहाटे चारला उठून आलेली असते. बिलाला 'चेक' म्हणतात आणि पुष्कळदा पैसे दारापाशी गल्ल्यावर द्यायचे असतात. काही डायनर फक्त रोख घेतात, वीस-वीसच्या तीन-चार नोटा गाडीत असू द्या. एका ताटात दोघे खाणार असाल तर 'एक्स्ट्रा प्लेट' मागा. 'स्प्लिट चार्ज' लागतो का तेही आधीच विचारा.

सॅन होजेहून

अंडंही न खाणाऱ्यांसाठी. पॅनकेक, वॉफल, फ्रेंच टोस्ट या सगळ्यांत अंडं असतं. उरतं काय? ओटमील, पाण्यात शिजवलेलं मागून वर ब्राउन शुगर आणि मनुका. टोस्ट, पीनट बटर, फळं. शेंगदाण्याची ॲलर्जी असणारा कुणी बरोबर असेल तर पीनट बटर वगळा. दह्याच्या कपात काही वेळा जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं) असतं, झाकणावर वाचा. तेलात परतलेले हॅश ब्राउन्स आणि वर कापलेला टोमॅटो, कांदा, हालापेन्यो मागितलं तर पोटभर होतं. 'ॲलर्जी' असा खोटा शब्द वापरू नका. तो ऐकला की स्वयंपाकी सगळं काम थांबवून तवा घासतो. 'वी डोंट ईट मीट ऑर एग्ज' हे सरळ सांगितलेलं नीट कळतं.

ॲरिझोनाहून

न्यू मेक्सिकोत शिरलात की 'रेड ऑर ग्रीन?' विचारतील. मिरचीच्या रश्शाबद्दलचा हा त्या राज्याचा अधिकृत प्रश्न आहे. दोन्ही हवे तर 'ख्रिसमस' म्हणायचं. हिरवा रस्सा भाजलेल्या मिरच्यांचा, मराठी जिभेला लगेच आवडणारा, पण त्यात पुष्कळदा पोर्क असतं आणि घोटलेल्या बीन्समध्ये लार्ड. दोन्ही विचारूनच घ्या. तिखटाचा अंदाज नसेल तर रस्सा 'ऑन द साइड'.

ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, पण राज्याच्या ईशान्येला नावाहो नेशनमध्ये (नावाहो आदिवासींच्या स्वशासित प्रदेशात) करतात. फ्लॅगस्टाफहून मॉन्युमेंट व्हॅलीच्या वाटेवर केयेंटाला पोचलात की फोनमधली वेळ एक तासाने पुढे गेलेली असते, आणि दोनला बंद होणारा डायनर फ्लॅगस्टाफच्या घड्याळाप्रमाणे एकलाच बंद होतो. त्या रस्त्यावर पुढचं खाण्याचं ठिकाण बरंच लांब आहे, तेव्हा केयेंटाच्या आधी लागणाऱ्या टुबा सिटीतच खाऊन घ्या.