ठाण्याच्या तुरुंगातला डेंगळे

बी-402: काल कारागृहाच्या भिंतीजवळून जाताना लेक विचारत होता, "आई, हा किल्ला आहे ना?" खरंच आहे का हो काका?

ए-101 काका: किल्लाच आहे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकला, 1774 मध्ये इंग्रजांनी घेतला. आणि त्रिंबकजी डेंगळे याच किल्ल्यात कैदेत होता.

सी-304: गंगाधरशास्त्र्यांचा खून करवणारा?

ए-101 काका: आरोप तोच. साधा जासूद होता हो तो! दुसऱ्या बाजीरावाचा इतका विश्वास बसला की कारभार हातात आला. 1814 मध्ये अहमदाबादचा इजारा, म्हणजे महसूल वसुलीचा मक्ता, बडोद्याच्या गायकवाडांकडून काढून त्याला दिला. गायकवाडांचा हिशेब मिटवायला त्यांचे वकील गंगाधरशास्त्री इंग्रजांच्या हमीवर पुण्यात आले होते. जुलै 1815 मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन, त्याने बाजीरावाकडून डेंगळ्यालाच मागून घेतलं. उघड खटला मात्र चाललाच नाही. मला हे आजही खटकतं.

सी-304: काका, पण इजारेदारीत रयत किती पिळली गेली! मला नाही त्याचा कळवळा येत.

ए-101 काका: रयतेचं मान्यच आहे. तरी सुटका ऐकाच. देशी पहारेकरी फितेल म्हणून सगळे गोरे शिपाई ठेवले होते. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. बाहेर एक मोतद्दार, घोडे सांभाळणारा, घोड्याला खरारा करता करता गाणी म्हणायचा. घोडा कुठे उभा आहे, माणसं कुठे दबा धरून आहेत, सगळा निरोप गाण्यात! सप्टेंबर 1816 मध्ये डेंगळे निसटला. ही हकीकत पुढे बिशप हेबर या इंग्रज धर्मगुरूने लिहून ठेवली.

बी-402: बाई गं! अंगावर काटा आला.

डी-203: मग बाजीरावाने त्याला जवळ केलं का?

ए-101 काका: आतून मदत, वरून कानावर हात. 1817 मध्ये इंग्रजांनी गळा धरला तेव्हा सिंहगड, पुरंदर, रायगड तारण दिले आणि आपल्याच माणसाला पकडण्यासाठी 2 लाखांचं इनाम लावलं.

डी-203: अरेरे.

ए-101 काका: 1818 मध्ये बाजीराव शरण गेला. वर्षाला 8 लाखांचं पेन्शन घेऊन बिठूरला राहिला. डेंगळे त्याच वर्षी नाशिककडे सापडला, त्याला चुनारच्या किल्ल्यात ठेवलं. 1829 मध्ये तिथेच वारला. बिठूर गंगेकाठी, चुनारही गंगेकाठीच, प्रवाहात आणखी खाली.

सी-304: हे माहीत नव्हतं, काका.

बी-402: लेकाला आज गाण्याची गोष्ट सांगते. चुनारचं थोडा मोठा झाल्यावर.