मदत हवी आहे: झाडावर चढून छाटणी करायला हार्नेस आणि दोर कोणता घ्यावा? (नागपूर)

निंबोणी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी आणि माझा मावसभाऊ नागपुरात झाडांच्या छाटणीची कामं घेतो. धरमपेठ, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्सचे जुने बंगले, थोड्या सोसायट्या. आधी एका ठेकेदाराच्या हाताखाली होतो. तिथे सामान म्हणजे कमरेला दोर, हातात कोयता आणि वर बजरंगबली. आता काम स्वतःचं आहे, तर सामान नीट घ्यायचंय. साठ हजारांच्या आसपास जमवलेत, त्यात पेट्रोलची चेनसॉ पण बसवायचा विचार आहे.

झाडं बहुतेक कडुनिंब, पेल्टोफोरम, गुलमोहर, अधूनमधून चिंच. गुलमोहराची धास्ती वाटते, वरून हिरवागार आणि बेचक्यात हात घातला तर भुसा. कामाची गर्दी पावसाळ्याआधी, म्हणजे पारा ४५ ला टेकतो तेव्हाच.

इतवारीत आणि हिंगणा एमआयडीसीकडे सेफ्टीच्या दुकानांत फिरून आलो. सगळे एकच बेल्ट दाखवतात. पूर्ण अंगाचा, पाठीवर डी-रिंग, दोन पट्टे आणि त्यांना मोठे हुक, लेबलवर ईएन ३६१ (युरोपियन मानकाचा नंबर). एक दुकानदार म्हणाला, "टॉवरवाले हाच नेतात, झाडाला काय वेगळं लागते भाऊ?" मी तिथेच माळ्याच्या लोखंडी अँगलला अडकवून लटकून पाहिलं. पाठीकडून लोंबकळलो, तोंड जमिनीकडे, मांड्यांत पट्टे रुतलेले. असं लटकून करवत कशी चालवायची?

तर विचारायचं हे: बेल्ट कोणता? दोर ट्रेकिंगवाला चालेल की बाजारातला पिवळा-निळा? बुटाला बांधायचे काटे घ्यावेत का? आणि दोरावर चढायला गाठ बरी की ते महागडं यंत्र?

कातळवेडा

मी कडे चढणारा, झाडवाला नाही, पण बेल्ट आणि दोराचं सांगू शकतो. तो बेल्ट वाईट नाही, त्याचं काम वेगळं आहे. ईएन ३६१ म्हणजे माणूस पडला तर त्याला अडवायचं. तुम्हाला दोरावर बसून काम करायचंय. त्यासाठी ईएन ८१३ लिहिलेला सीट हार्नेस लागतो, आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना रिंगा असलेला, म्हणजे ईएन ३५८. झाडवाल्यांच्या हार्नेसला पुढे एक छोटा दोर आणि त्यावर सरकणारी रिंग असते, त्यामुळे अंग वळवता येतं. आमचा कड्यावरचा हार्नेस घेऊ नका, हलका असतो, अर्ध्या तासात पाय बधिर.

दोरही आमचा नको. ईएन ८९२ चा दोर पडताना ताणला जावा म्हणून बनवलेला असतो, फांदीवर तुम्ही नुसते वरखाली झुलत राहाल. ईएन १८९१ टाइप ए बघा, कमी ताणाचा.

पारंबी

पुण्यात हेच काम करतो. वरच्यांशी सहमत, थोडी भर घालतो.

पिवळा-निळा दोर फांद्या बांधायलाही मी जपूनच वापरतो, माणसासाठी तर नाहीच. तो पॉलिप्रॉपिलीनचा, साधारण १६५ अंशांना वितळतो. गाठ सरकताना घासून तापते आणि दोर तिथेच गुळगुळीत होतो. उन्हानेही तो लवकर कुजतो, तुमच्याकडच्या उन्हात तर विचारूच नका.

झाडकामाचा दोर ११.५ ते १३ मिमीचा, ४५ मीटर लांब. दोर फांदीवरून दुहेरी येतो, म्हणजे १५ मीटरवर अडकवला की ३० मीटर तिथेच संपले. पुढे पेत्झल कंपनीचं झिगझॅग, म्हणजे तुम्ही म्हणता तसलं महागडं यंत्र, घ्यावंसं वाटलं तरी ते याच जाडीवर चालतं. सुरुवात मात्र गाठीनेच करा. ब्लेक गाठ (हाताने सरकते, वजन आलं की दोराला धरते) जमिनीपासून दोन हात उंचीवर इतकी घोटा की डोळे मिटून बसली पाहिजे. कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायच्या कड्या, तीन हालचालींनी उघडणारेच घ्या, स्क्रूवाले डहाळ्यांना घासून उघडतात.

काटे फक्त झाड पूर्ण उतरवायचं असेल तेव्हा. जगणाऱ्या झाडाला प्रत्येक पावलाला भोक पडतं आणि तिथूनच तुमचा तो भुसा सुरू होतो. त्याऐवजी वजनाची छोटी पिशवी आणि बारीक दोरी घ्या, खालून फेकून बेचक्यात दोर ओढता येतो. चढण्याआधी दोघांनी मिळून त्या दोराला लटकून बघायचं. गुलमोहर असेल तर दोनदा.

आता पैशाचं. चेनसॉ यादीतून काढा. ३३ सेंमीची वाकडी हातकरवत मनगटाएवढी फांदी आरामात कापते. त्या पैशांत दुसरा हार्नेस आणि दुसरा दोर घ्या. वर माणूस बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये लटकला तर हातात थोडीच मिनिटं असतात. अग्निशमनची गाडी येईपर्यंत थांबता येत नाही. खालच्याकडे सामान हवं आणि त्याला उतरवता यायला हवं. मे महिन्यात चक्कर येणं काही विशेष नाही, हे तुम्हाला मी काय सांगू. मावसभावाला चढता येतं ना?

एक राहिलं: करवत चालवताना नेहमी दोन ठिकाणी अडकलेलं असायचं, मुख्य दोर आणि कमरेचा लॅनयार्ड, म्हणजे खोडाभोवती घ्यायचा छोटा दोर. करवतीने चुकून एक कापला तर दुसरा आहे. पोलादी तारेचा गाभा असलेला लॅनयार्ड मिळतो, तो हातकरवतीला सहज दाद देत नाही.

जुना लाइनमन

राजेहो, तो तारवाला लॅनयार्ड विजेच्या लायनीजवळ नेऊच नका. सिव्हिल लाइन्समध्ये अर्ध्या झाडांतून ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची लाइन गेली आहे. ओली फांदीसुद्धा करंट आणते. शटडाउन मागा, आणि लाइन बंद करून अर्थिंग केलं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चढायचं नाही बापा. बंद लायनीवर कोणाच्या जनरेटरचा करंट उलटा येतो, हे लोकांना पटत नाही.

आणि परवानगी मालकाला महापालिकेच्या उद्यान विभागातून आधी काढायला लावा. १९७५ चा झाडांचा कायदा आहे. करवत ज्याच्या हातात, त्यालाच पहिले विचारतात.

निंबोणी

सगळ्यांचे आभार. मावसभाऊ चढतो, माझ्यापेक्षा चांगला. चेनसॉ रद्द, हार्नेस दोन. हेल्मेट हनुवटीच्या पट्ट्याचं घेतोय, वर पाहिलं की पिवळं हेल्मेट मागे पडतं. एक शेवटचं: ओळखीच्या एकाकडे वापरलेला ईएन १८९१ चा दोर अर्ध्या किमतीत मिळतोय, दिसायला चांगला आहे. घेऊ का?

पारंबी

किती जुना, कुठे ठेवला होता, त्यावर कोणी जोरात पडलंय का, हे त्याला लिहून देता येईल का? बॅटरीच्या ॲसिडची वाफ लागलेला नायलॉन बाहेरून नवाच दिसतो. नवा घ्या. आणि स्वतःचाही इन्व्हर्टरच्या खोलीत ठेवू नका, पेट्रोलच्या कॅनजवळही नको.